चार भाकरी होईपर्यंत

खोली भाड्याने मागायला गेलो तेव्हा घरमालकांनी माझं नाव विचारलं नाही, गाव विचारलं नाही, लग्न झालंय का हेही विचारलं नाही. ओट्यावर खांबाला पाठ लावून उभे होते. म्हणाले, "फिरा."

मला वाटलं, परत जा म्हणताहेत. वळकटी उचलून निघालो तर मागून आवाज आला, "थांबा तिथंच." मी थांबलो. मागे कोणी काही बोलेना. अंगणातल्या लिंबाखाली एक बाई ज्वारी निवडत बसल्या होत्या, त्या तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. बऱ्याच वेळाने घरमालक म्हणाले, "डावा खांदा पडलाय. कारकून ना?"

"हो."

"डाव्या कोपरावर रेलून लिहिता. वळकटीसुद्धा कमरेतून उचलली. चाळिशीच्या आत रडशील रे बाबा. राहा. खोली मागच्या अंगाला आहे."

खोली होती, पण खोलीला दार नव्हतं. चौकट होती, बिजागऱ्या होत्या, कडी अडकवायचा कोयंडा होता, आणि मध्ये गोणपाटाचा पडदा. दार कुठंय म्हणून विचारलं तर अगदी सरळ उत्तर मिळालं, "त्यावर मी झोपतो."

आणि खरंच झोपायचे. पुढच्या पत्र्याच्या तालमीत चार-चार विटांवर माझं दार आडवं टाकलेलं होतं. गादी नाही, उशी नाही. सागवानी दार होतं, कडी तशीच होती. गादीने पाठ नासते, असं त्यांचं मत. बिनदाराच्या खोलीचं भाडं मी चार वर्षं भरलं. आज कोणाला सांगितलं तर मला बावळट म्हणतील. म्हणोत. आता कुणाशी वाद घालायचा उत्साह राहिलेला नाही.

ही बहात्तरच्या दुष्काळाच्या चारेक वर्षं आधीची गोष्ट. मी धुळ्याचा, बदली होऊन जळगावच्या एका सरकारी कचेरीत नकला करायला लागलेला. घरमालकांना सगळे आबा म्हणत. एके काळचे पैलवान, नंतर वस्ताद. मी गेलो तेव्हा पन्नाशी ओलांडलेली होती. माणूस उंच, काळा, आणि इतका ताठ की पहिल्यांदा पाहणाऱ्याला गर्विष्ठ वाटावा. गर्व कसला, ते वाकूच शकत नव्हते. काही पडलं तर विहिरीत बादली सोडावी तसे सरळच्या सरळ खाली जायचे, वस्तूकडे न पाहता हाताने चाचपायचे आणि तसेच वर यायचे. सुपारीपेक्षा जड वस्तू मात्र उचलायचे नाहीत. पाण्याचा तांब्यासुद्धा त्यांची विधवा बहीण अक्का भरून हातात द्यायच्या. ज्वारी निवडताना हसणाऱ्या त्याच ह्या अक्का.

जेवायचे उभ्याने. भिंतीतल्या कोनाड्यात ताट, समोर आबा. लग्नाकार्यातही तेच. सगळी पंगत बसलेली आणि हा सहा फुटी गडी मांडवाच्या खांबापाशी पत्रावळ हातावर घेऊन उभा. यजमान हात जोडून म्हणायचे, "आबा, काही राग आहे का?" आबा म्हणायचे, "राग नाही, कंबर आहे."

अक्का त्यांच्यावर सदा करवादलेल्या. "हाऊ माणूस पंगतमा बसस नही, गादीवर झोपस नही, नि लोकेसले शिकाडस!"

लोकांना शिकवायची मात्र भारी हौस. बाजारपेठेत एका मारवाडी शेठच्या दुकानाच्या ओट्यावर ते सकाळी जाऊन उभे राहत. शेंगांची पोती उतरायला लागली की यांची बोंब सुरू. "अरे पाठ! पाठ! गुडघ्यातून! गुडघे काय देवाला वाहिलेत?" हमाल वैतागायचे. शेठ गालात हसत म्हणायचे, "पैलवान, तुम्ही ओरडता म्हणून गाडी रिकामी व्हायला तास जास्त लागतो." पण ओट्यावरून उठवलं कधी नाही. शेठच्या बापाची पाठ आबांनीच चोळून सरळ केली होती म्हणे.

आणखी एक खोड. आबांना माणसांचे चेहरे लक्षात राहत नसत, पाठी राहत. रोज दूध घालणारा समोर आला तरी हे परक्यासारखे बघत राहायचे. तो कंटाळून वळला की, "अरे, तू होय!" सुरुवातीला मला वाटायचं, सोंग आहे. एकदा भर बाजारात मी पाठमोरा उभा असताना वीस पावलांवरून हाक आली, "कारकून, खांदा!" तेव्हा पटलं.

तालीम म्हणजे काय, तर तांबड्या मातीचा हौद आणि एक वेळूची काठी. संध्याकाळी कापसाच्या जिनातले, मार्केटातले हमाल यायचे. त्यांना जोर-बैठका मारून मांड्या कमवायच्या असत, पाठीवर जास्त ओझं घ्यायचं असे. तालमीतली सगळ्यांची आवडती बैठक म्हणजे वजनी बैठक. खांद्यावर एक गडी बसवायचा आणि मारायच्या. दुसऱ्या तालमींत पोरं पहिल्या महिन्यातच एकमेकांच्या मानेवर चढत. आबांकडे चढायची परवानगी वर्ष वर्ष मिळत नसे. आधी काठी.

काठी पाठीवर उभी धरायची. ती तीन ठिकाणी टेकली पाहिजे. डोक्याचं मागचं हाड, दोन खांद्यांची मधली जागा आणि माकडहाड. मग गडी बैठकीत खाली जाणार. जाताना तीनातलं एक ठिकाण जरी सुटलं तरी आबा बोट घालून मोजणार. "एक बोट. उद्या ये." "दीड बोट. लाज वाटत नाही?" उलटून कोणी म्हणालं की मांड्या मजबूत आहेत, पाय थकत नाहीत, तर आबांचं एक ठरलेलं बोलणं होतं. ते मी शंभरदा ऐकलं असेल. "पाय बोंब मारतस. पाठ काहीच सांगस नही, नि मंग एक दिन बठ्ठं सांगी टाकस." बठ्ठं म्हणजे सगळं.

मला तर बैठकीपर्यंत जाऊच दिलं नाही. रोज सकाळी स्वयंपाकघराबाहेरच्या भिंतीला तीन ठिकाणं टेकवून उभं राहायचं, एवढंच. किती वेळ? घड्याळ कोणाकडे होतं! आतून अक्कांच्या थापण्याचा आवाज यायचा. आबांनी सांगितलं, "चार भाकरी होईपर्यंत."

चार भाकरी म्हणजे फार होतात हो. पहिल्या भाकरीला मांड्या थरथरतात, दुसरीला घाम येतो, तिसरीला वाटतं, या घरात भात का करत नाहीत? मी पंधरा दिवस केलं. मग आबा बाजाराकडे वळले की मी दोन भाकरींवर पळायला लागलो. कचेरीला उशीर होतो, हे कारण. अक्का दारातून बघायच्या. आबांना कधी सांगितलं नाही, पण तिसरी भाकरी जरा जोराने थापायच्या, मला ऐकू जावं म्हणून. मी न ऐकल्यासारखं करायचो. तेवढा कामचुकारपणा सगळेच करतात, नाही का?

आबांची पाठ कशाने गेली ते मला अक्कांनी सांगितलं.

पाचोऱ्याच्या पलीकडे त्यांचं गाव. तिथे चैत्रात खंडेरावाच्या यात्रेला बारागाड्या ओढतात. बारा बैलगाड्या एकीला एक बांधायच्या, वर माणसं चढवायची, आणि पुढे बैल नाहीत, एक माणूस. तो भगत. कमरेचा शेला पहिल्या गाडीच्या जुवाला बांधून तो मांड्यांच्या जोरावर सगळं ओझं वेशीपासून देवळापर्यंत नेतो. दोन्ही बाजूंना हात द्यायला दोघे बगले असतात, पण ओढ भगताची. गाव म्हणतं, देव ओढतो. भगत नुसता पुढे असतो.

आबा सात वर्षं भगत होते. सातव्या वर्षी गाड्या निघाल्या, चार पावलं गेल्या, आणि आबा जुवाखाली पडले. सहा महिने उठले नाहीत. डॉक्टरांनी पुढे बजावलं की परत काही उचललंस तर जन्माचा आडवा होशील. आणि गावाने ठरवलं, भगताकडून काहीतरी चुकलं. उपास मोडला असेल, विटाळ झाला असेल. त्याशिवाय देव हात काढून घेईल?

"काय चुकलं होतं?" मी अक्कांना विचारलं.

अक्का तव्यावरची भाकरी उलटत म्हणाल्या, "काही नही चुकनं. महिनाभर आधीपासून पाठ दुखत होती त्याची. मोठ्या भावाला बोलला. भाऊ म्हणाला, देवाचं काम आहे, तोंडातून काढू नको. नाही काढलं. अजून नाही काढलं."

पंधरा वर्षं हा माणूस गावाच्या लेखी पापी होऊन राहिला होता. कारण पाठ दुखत होती म्हणावं, तर गाड्या पाठ ओढते असं कबूल करावं लागतं. मग देव कुठे गेला? आणि गप्प राहा म्हणणारा भाऊ कुठे गेला? तो भाऊ तोवर वारलाही होता.

त्याच भावाचा मुलगा दौलत. सत्तावीस-अठ्ठावीसचा, दणकट, हसरा गडी. त्याची मुलगी तान्ही असताना तापाने हातची जायला आली होती. तेव्हा तो खंडेरावाला पाच वर्षं बारागाड्या ओढायचा नवस बोलला. दोन वर्षं पार पडली होती. तिसऱ्या यात्रेआधी महिनाभर तो मांड्या तयार करायला जळगावला येऊन राहिला. आबा नसताना त्याने एक नाही, दोन गडी खांद्यावर घेऊन बैठका मारल्या. कुणी सांगितलं नाही. संध्याकाळी दौलत अंगणातून पाठमोरा चालत गेला, आणि आबा ओट्यावरून म्हणाले, "इकडे ये. पाठ दखाड."

काठी लावली. दौलत खाली गेला. काठी माकडहाडापासून सुटली. आबांनी बोटं घातली आणि बराच वेळ काढलीच नाहीत.

"दोन बोटं. दुखते?"

"नही." मग जरा वेळाने, "सकाळी उठताना. थोडीशीच."

"यंदा ओढू नको."

"नवस शे, आबा."

"नवस पुढच्या वर्षी."

दौलत हसला. त्याला काका आवडायचे, पण गावाने लहानपणापासून त्याला काय शिकवलं होतं ते त्याच्या तोंडावर दिसत होतं. ज्याला देवाने पाडलं, तो आता मला थांबवतोय. फार नरमाईने म्हणाला, "देव ओढस, आबा. मी नुसता पुढे ऱ्हास."

आबांनी काठी कोपऱ्यात ठेवली. त्या रात्री ते जेवले नाहीत.

यात्रेला मी आबांबरोबर गेलो. सुटी होती, आणि मला बारागाड्या बघायच्या होत्या. पॅसेंजरने पाचोऱ्यापर्यंत, पुढे एका ट्रकमधून. ट्रकमध्येही आबा उभेच.

सकाळी देवळाच्या ओट्यावर गावची वडीलधारी मंडळी बसली होती. आत दौलत पिवळा शेला बांधून, उपाशी, डोळे मिटून. आबा ओट्यासमोर जाऊन उभे राहिले. त्यांना बस म्हणायची सोय नव्हती, ते सगळ्यांना माहीत होतं.

"मला एक सांगायचंय," आबा म्हणाले. "मी पडलो तेव्हा माझ्या हातून काही पाप झालं नव्हतं. माझी पाठ महिनाभर दुखत होती. मी लपवलं. दौलतची पण दुखतेय. त्याला थांबवा. खंडेराव रागवायचा नाही, मी सांगतो."

माणूस पंधरा वर्षं जे बोलला नव्हता ते एका दमात बोलला. मला वाटलं, आता कोणीतरी उठून त्यांचा हात धरेल. कोणी हललं नाही. एक म्हातारे नाना तेवढे दमलेल्या आवाजात म्हणाले, "आबा, एक सजा भोगी ना तू? मंग दुसरी कसाले मागी ऱ्हायना?" वाईट बोलले नाहीत ते. काळजीनेच बोलले.

आबांनी देवळाच्या आत पाहिलं. दौलतने डोळे उघडले नाहीत.

आम्ही तिथून निघालो. ऊन म्हणजे चैत्रातलं खानदेशी ऊन, वर बघवत नव्हतं. वेशीबाहेर मैदानात बारा गाड्या येऊन ओळीने लागल्या होत्या, अजून बांधायच्या होत्या. प्रत्येक घराण्याची एक. आबा एकेका गाडीपाशी थांबून चाकाला हात लावत गेले. मग मला म्हणाले, "कोरड्या ठाक आहेत. महिनाभर वंगण नाही कुणाला."

"मग?"

"मुद्दाम घालत नाहीत. यात्रेच्या गाडीला वंगण घालणं म्हणजे देवावर भरवसा नाही असं होतं. जशी येईल तशी जोडायची." त्यांनी देवळाकडे बघितलं. तिकडे महाप्रसादाच्या पंगती बसत होत्या, सगळं गाव तिकडे. राखणीला बसवलेला म्हातारा बाभळीखाली तोंडावर टॉवेल टाकून घोरत होता. "वंगण घातलं तर ओढ निम्मी होते," आबा म्हणाले.

आबांच्या भावाच्या घरच्या गोठ्यातून मी वंगणाचा नळा आणला. काम असं असतं : गाडीची एक बाजू आसापाशी धरून उचलायची, चाकावरचं ओझं गेलं पाहिजे. खीळ काढून चाक चार बोटं बाहेर ओढायचं, आत वंगणाचा बोळा फिरवायचा, चाक परत सारायचं, खीळ ठोकायची. दोन माणसांचं काम. एक उचलणार, एक वंगण लावणार. टेकू द्यायला दगड लावून पाहिला, तो भेगाळलेल्या काळ्या मातीत कलला. उचलायचं मी, हे ठरलेलंच होतं. मी पंचविशीचा, आणि ते न वाकणारे.

पहिल्या गाडीला मी हात घातला, जोर केला. गाडी वीतभर उठली. आणि मागून आबांचा आवाज आला, "सोड."

"येतंय आबा, उचलतोय की."

"सोड म्हणतो ना! कमरेतून उचलतोस. पाठ गोल झालीय." माझ्या मागे उभे होते ते. "चार भाकरी उभा राहत होतास?"

मी गाडी खाली टेकवली.

"किती राहायचास?"

"दोन."

ते रागावले असते तर बरं झालं असतं. त्यांनी धोतर वर खोचलं, मला खांद्याला धरून बाजूला सारलं. "चोवीस चाकं आहेत. तुझी पाठ सहाव्याला जाईल. तू वंगण लाव."

मी म्हणालो, आबा, डॉक्टरांनी काय सांगितलंय! मी म्हणालो, नको, आपण जाऊ, राहू दे. म्हणालो खरं. पण सांगायला लाज वाटते, फार जोर लावून नाही म्हणालो. त्यांनी तोवर गाडीला पाठ लावली होती, गुडघे वाकवून सरळ खाली गेले होते, हात मागे आसाखाली. डोकं, खांदे, माकडहाड, तिन्ही एका रेषेत. आणि ते वर आले, गाडी घेऊन. श्वाससुद्धा वाजला नाही. मी तोंड उघडं टाकून बघतच राहिलो. पंधरा वर्षं तांब्या न उचललेला माणूस!

"बघतोस काय? खीळ काढ."

एक गाडी झाली, दुसरी झाली. माझे हात काळे झाले, घाम डोळ्यांत जात होता. आबा प्रत्येक वेळी तसेच खाली जात, तसेच वर येत. देवळाकडून पंगतीचा गलका ऐकू येत होता. आठव्या गाडीला ते वर येताना थांबले. अर्ध्यावर. चेहरा हललाही नाही, फक्त डोळे मिटले. मी म्हणालो, "आबा, पुरे." ते वर आले. "लाव," म्हणाले. त्यापुढची आठ चाकं त्यांनी कशी उचलली ते मला माहीत नाही. मी वर बघणं सोडून दिलं होतं. चोविसावं झाल्यावर ते गाडीच्या साटीच्या फळीला धरून उभे राहिले आणि म्हणाले, "दौलत ओढतो आहे तोवर कुणाला सांगायचं नाही." मी हो म्हटलं.

ऊन कलल्यावर गाड्या जोडल्या. जावई, पाहुणे, पोरंटोरं दाटीवाटीने वर चढली. भंडारा उधळला. दौलत जुवाला लागला, त्याने एक आरोळी ठोकली आणि गाड्या निघाल्या. अशा निघाल्या की बगल्यांना पळावं लागलं! गाव वेडं झालं. म्हातारे रडत होते. इतक्या हलक्या गाड्या कधी चालल्या नव्हत्या म्हणे. आबा वेशीच्या भिंतीला पाठ लावून दौलतकडे नाही, दौलतच्या पाठीकडे बघत होते. देवळापाशी पोचल्यावर म्हणाले, "सरळ आहे."

दौलत गर्दीतून वाट काढत आला, आबांच्या पायावर डोकं ठेवलं. "आबा, देखं ना? देवनीच ओढ्यात."

"हो रे," आबा म्हणाले. "देवानेच."

जळगाव स्टेशनावर ते उतरले नाहीत, त्यांना उतरवावं लागलं. सामानाच्या हातगाडीवर घालून घरी आणलं. माझ्या दारावर त्यांना ठेवलं, ते पुन्हा पायांवर उभे राहिले नाहीत. गावाकडून बातमी आली की देवळासमोर उभं राहून देवावर संशय घेतला, त्याची सजा दुसऱ्यांदा मिळाली. मी तोंड बंद ठेवलं, कारण शब्द दिला होता. तोंड बंद ठेवून माणूस किती दमतो ते मला त्या वर्षी कळलं. शपथेवर सांगतो, ती दमणूक अजून गेलेली नाही.

अक्कांना तेवढं खरं सांगितलं. त्या मला बोलल्या नाहीत, ओरडल्या नाहीत. पिठाचे हात तसेच ठेवून माझ्याकडे पाहिलं आणि विचारलं, "तुनी पाठ कोठे व्हती रे, भाऊ?"

दुसऱ्या दिवसापासून मी भिंतीला लागलो. चार भाकरी. पावसाळ्यात सहा. अक्का हळू थापायच्या, मुद्दाम. मला माहीत होतं आणि मी राहायचो. दिवाळीनंतर स्वतः काठी धरून अर्ध्या बैठकीत जायला लागलो, अक्का काठीमागे बोट घालून बघायच्या. कशासाठी करतोय, असं कुणी विचारलं असतं तर सांगता आलं नसतं. गाड्या तर होऊन गेल्या होत्या.

पुढच्या फाल्गुनात दौलत आला. वर्षभरात दोनदाच येऊन गेला होता, फळं ठेवून, नजर चुकवून. या वेळी त्याने चपला काढल्या, आबा पडले होते त्या दारापाशी आला आणि त्यांच्याकडे पाठ करून उभा राहिला.

"काठी लावा, आबा."

दौलत तसाच भिंतीकडे तोंड करून म्हणाला, "त्या दिवशी पाया पडलो तेव्हा तुमच्या धोतराला वंगण होतं. मी गाडीवाला आहे. वंगण ओळखत नाही का मी?" "हे बोलायला वर्ष लागलं."

आबांना हात उचलवत नव्हता. मला म्हणाले, "तू लाव."

मी काठी लावली. दौलत खाली गेला. काठी सुटली. मी बोटं घातली. माझ्या बोटांवर आता एका माणसाचा नवस होता आणि एका माणसाची पाठ. खोटं बोलायची मला सवय होती, दोन भाकरींची चार सांगत होतोच की. आबांनी विचारलं, "किती?"

"तीन बोटं," मी म्हणालो. होती तेवढीच.

दौलत वळला, आबांच्या पायांना हात लावला. बराच वेळ लावून ठेवला. मग उठून म्हणाला, "देवले मी सांगसू." आणि गेला. त्या वर्षी गाड्या दुसऱ्या कोणी ओढल्या. गावाने दौलतला काय म्हणायचं ते म्हटलं असणार.

तो गेल्यावर तालमीत आम्ही दोघंच. पत्रा तापायला लागला होता. आबा मला म्हणाले, "फिर."

मी फिरलो. पहिल्या दिवशीसारखाच अंगणाकडे तोंड करून. लिंबाखाली अक्का ज्वारी निवडत होत्या, आज हसत नव्हत्या. मग आबांचा आवाज आला, "आता उचलशील तू."

मला रडू कोसळलं. आता काय उपयोग? बारा गाड्या मैदानात उभ्या होत्या तेव्हा उचलता नाही आलं, आणि आता! तसाच पाठमोरा म्हणालो, "काय उचलू, आबा?"

"मला. इथे फार उकडतंय. लिंबाखाली ने."

मी दारापाशी गेलो, हात त्यांच्या पाठीखाली आणि मांड्यांखाली सारले. काही वजन राहिलं नव्हतं त्यांच्यात. पोत्यांवर, गाड्यांवर ओरडलेला तो मोठा माणूस माझ्या हातांत आला आणि त्याने माझ्या कानाशी, अगदी हळू, म्हटलं, "गुडघ्यातून."